एडिटरमधली ओळ आणि पानावरची ओळ

लाटेकसारख्या, म्हणजे साध्या मजकुरात आज्ञा लिहून त्यावरून छापील पान तयार करणाऱ्या, प्रणालीत लेखन करू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक गोष्ट सुरुवातीला खटकते. एडिटरच्या खिडकीत परिच्छेदाच्या ओळी एका ठिकाणी तुटलेल्या दिसतात आणि तयार झालेल्या पीडीएफमध्ये त्याच परिच्छेदाच्या ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. छापील पानाच्या मध्यावर एखादी चूक दिसली की मूळ फाईलमध्ये ते वाक्य नेमके कुठे आहे, हे शोधण्यात वेळ जातो. अशा वेळी साहजिकच वाटते, की पानावर ओळ जिथे तुटते तिथेच ती एडिटरनेही तोडून दाखवावी, म्हणजे दोन्हींकडे शेजारी शेजारी पाहत काम करता येईल.

या इच्छेत दोन निरनिराळ्या गरजा एकत्र झालेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. पहिली गरज जागा सापडण्याची आहे: पानावरच्या या शब्दाचा मूळ फाईलमधला ठिकाणा कोणता, आणि मूळ फाईलमधल्या या वाक्याचे पानावरचे स्थान कोणते. दुसरी गरज दोन्हीकडच्या ओळी सारख्या दिसण्याची आहे. पहिली गरज आज फार चांगल्या रीतीने भागवता येते. दुसरी मात्र थोडे अपवाद सोडले तर भागवता येत नाही, आणि ती भागवण्याचा आग्रह धरला तर लेखनाचे नुकसानच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे का, हे समजण्यासाठी पानावरची ओळ तयार कशी होते, हे थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल.

तीन प्रकारच्या ओळी

एडिटरमध्ये दिसणारी प्रत्येक ओळ एकाच जातीची नसते. खिडकीची रुंदी संपली म्हणून एडिटर मजकूर पुढच्या ओळीवर वळवून दाखवतो, तेव्हा फाईलमध्ये काहीही बदललेले नसते. खिडकी रुंद केली की त्या ओळी पुन्हा वेगळ्या दिसू लागतात. याला सॉफ्ट रॅप म्हणतात. दुसरा प्रकार एंटर दाबून तोडलेल्या ओळीचा. इथे फाईलमध्ये नवी ओळ सुरू झाल्याची खूण खरोखर नोंदली जाते, ओळींचे क्रमांक तिच्यावरून ठरतात आणि फाईल दुसऱ्या कोणत्याही संगणकावर उघडली तरी ती ओळ तिथेच तुटते. जुन्या एडिटरांमध्ये अशी ओळ ७० किंवा ८० अक्षरांवर आपोआप तोडण्याची सोय असते. ईमॅक्समध्ये ही मर्यादा मुळात ७० ठेवलेली आहे. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रांपासून चालत आला आहे, कारण त्या पत्रावर ८० स्तंभ होते आणि पुढे संगणकाच्या पडद्यांनीही तीच रुंदी स्वीकारली.

तिसरी ओळ पानावरची. ती मूळ फाईलमध्ये कुठेच नसते. टेक ही लाटेकच्या मुळाशी असलेली अक्षरजुळणीची प्रणाली मूळ फाईल वाचते तेव्हा एंटरची एक खूण ती साध्या मोकळ्या जागेसारखी धरते. शब्दांमध्ये एक मोकळी जागा असो, पाच असोत किंवा मध्ये एक एंटर असो, परिणाम एकच होतो. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा तर ती विचारातच घेत नाही. दोन एंटर लागोपाठ आले आणि मध्ये रिकामी ओळ राहिली, तरच तिला परिच्छेद संपल्याचे कळते. म्हणजे लेखकाने कुठे कुठे ओळी तोडल्या होत्या ही माहिती मजकूर आत शिरतानाच पुसली जाते, आणि पुढे काम करणाऱ्या भागाच्या हाती येतो तो शब्दांचा आणि त्यांच्यामधल्या लवचीक जागांचा एक सलग पट्टा.

वेबपानांच्या एचटीएमएलमध्येही एंटर मोकळ्या जागेसारखाच धरला जातो, आणि मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीच्या प्रमाणित रूपातही एकटा एंटर परिच्छेद तोडत नाही. त्यामुळे पुढचे विवेचन लाटेकला धरून केलेले असले, तरी त्यातला बराचसा भाग या दोन्हींनाही लागू पडतो.

पानावरची ओळ कशी ठरते

टंकलेखन यंत्रावर ओळ तोडणे सोपे होते. प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असे, ओळ भरत आली की घंटा वाजे आणि पुढचा शब्द खालच्या ओळीवर जाई. बहुतेक एडिटर आजही असेच वागतात. जेवढे शब्द मावतील तेवढे या ओळीत आणि मावणार नाही तो पुढच्या ओळीत, असा हा सरळ हिशेब आहे. ब्राउझर आणि बहुतेक वर्ड प्रोसेसरही मुळात याच पद्धतीने चालत आले आहेत. या पद्धतीत एकदा ठरलेली ओळ पुन्हा उघडली जात नाही. खाली काहीही लिहिले तरी वरच्या ओळी जागच्या हलत नाहीत.

टेकची रीत वेगळी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ च्या सुमारास टेकची आखणी सुरू केली ती स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना पसंत पडली नाही म्हणून, आणि ओळी तोडण्याचा प्रश्न त्यांनी अतिशय गांभीर्याने घेतला. मायकल प्लास यांच्यासह १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी मांडलेली पद्धत अशी, की ओळ एकेकटी पाहायचीच नाही. संपूर्ण परिच्छेद हाती आल्यावर तो तोडण्याच्या सर्व शक्य पर्यायांची तुलना करायची आणि सगळ्या ओळी मिळून ज्यात सर्वांत कमी दोष राहतो तो पर्याय निवडायचा. पर्यायांची संख्या प्रचंड असली तरी हिशेब हुशारीने केला, तर सगळे पर्याय प्रत्यक्ष मोजावे लागत नाहीत, हे त्या निबंधातले महत्त्वाचे काम होते.

एक लहान उदाहरण घेऊ. समजा, ओळीत १० अक्षरे मावतात आणि शब्दांमध्ये एका अक्षराएवढी जागा सोडायची आहे. आपण क्रमाने ४, ५ आणि ३ अक्षरांचे तीन शब्द लिहिले. पहिले दोन शब्द आणि मधली जागा मिळून बरोबर १० होतात, त्यामुळे पहिली ओळ पूर्ण भरते आणि तिसरा शब्द दुसऱ्या ओळीवर एकटा बसतो. परिच्छेदाची शेवटची ओळ अपुरी राहिली तरी तो दोष मानत नाहीत, म्हणून ही मांडणी निर्दोष आहे.

आता चौथा शब्द लिहिला, तो ९ अक्षरांचा. सरळ हिशेबाने पाहिले तर तो तिसऱ्या ओळीवर जाईल आणि दुसऱ्या ओळीत ३ अक्षरांचा शब्द एकटाच राहील, म्हणजे त्या ओळीत ७ अक्षरांची जागा रिकामी पडेल. दोष मोजण्यासाठी रिकाम्या जागेचा वर्ग घेतला तर तो ४९ येतो. दुसरा पर्याय असा: पहिल्या ओळीत फक्त ४ अक्षरांचा शब्द ठेवायचा, तिथे ६ ची जागा रिकामी राहील. दुसऱ्या ओळीत ५ आणि ३ अक्षरांचे शब्द येतील, तिथे १ ची जागा रिकामी राहील. ३६ आणि १ मिळून दोष ३७ होतो. ३७ हे ४९ पेक्षा कमी, म्हणून दुसरा पर्याय निवडला जातो. लक्षात घ्यावे, की शब्द लिहिला गेला तो परिच्छेदाच्या टोकाला, आणि बदलली ती पहिली ओळ.

प्रत्यक्षातला हिशेब याहून बारीक आहे. शब्दांमधली जागा किती ताणता किंवा आवळता येते, याची मर्यादा प्रत्येक टंकाबरोबर (फॉन्टबरोबर) ठरलेली असते. ती मर्यादा ज्या प्रमाणात वापरली जाते त्या प्रमाणाच्या घनाला सुमारे १०० ने गुणून ओळीचा दोषांक काढतात, त्यामुळे थोडासा ताण फार मनावर घेतला जात नाही आणि मोठ्या ताणाला जबर शिक्षा होते. लागोपाठच्या दोन ओळी संयोगचिन्हावर तुटल्या, किंवा एक ओळ अगदी सैल आणि लगेच पुढची अगदी घट्ट झाली, तर वेगळा दंड बसतो. टेक आधी एकही शब्द न फोडता प्रयत्न करते. तेव्हा दोषांकाची मर्यादा १०० असते. तेवढ्यात जमले नाही तर शब्द फोडण्याची मुभा घेऊन ती २०० च्या मर्यादेत दुसऱ्यांदा प्रयत्न करते. शब्द कुठे फोडायचा याचे नियम फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात मांडलेल्या पद्धतीने प्रत्येक भाषेसाठी वेगळे तयार केलेले असतात, आणि मराठीसाठीही ते उपलब्ध आहेत.

आता एडिटरकडून आपण काय मागत होतो, ते पुन्हा पाहावे. पानासारख्या ओळी दाखवायच्या तर एडिटरला प्रत्येक अक्षराची त्या टंकातली नेमकी रुंदी, दोन अक्षरांमधली जुळवणूक, शब्द फोडण्याचे नियम, पानाची रुंदी आणि परिच्छेदाचा संपूर्ण मजकूर, एवढे सगळे माहीत असावे लागेल. म्हणजे त्याला टेकच व्हावे लागेल. आणि तसे झालेच, तर लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर, त्याने हातही न लावलेल्या वरच्या ओळी प्रत्येक शब्दागणिक इकडून तिकडे सरकत राहतील. ज्या मांडणी प्रणालींत संपूर्ण परिच्छेद एकत्र जुळवण्याची सोय आहे, उदाहरणार्थ इनडिझाइन, तिच्यात काम करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असतो. मांडणी करणाऱ्याला तो चालतो, कारण त्याचे लक्ष पानाच्या रूपावरच असते. विचार करत लिहिणाऱ्याला मात्र तो सतत विचलित करील.

मूळ मजकूर आणि छापील मजकूर एकसारखे नसतात

ओळी तोडण्याची पद्धत क्षणभर बाजूला ठेवली तरी आणखी एक अडचण उरतेच. मूळ फाईलमधला मजकूर आणि पानावरचा मजकूर यांची लांबी सारखी नसते. संदर्भ देण्यासाठी फाईलमध्ये वीसेक अक्षरांची आज्ञा लिहिलेली असते आणि पानावर तिच्या जागी चौकटी कंसातला एक आकडा येतो. तळटीप फाईलमध्ये वाक्याच्या मध्येच पूर्ण लिहिलेली असते, पण छापताना तिचा मजकूर पानाच्या तळाशी जातो आणि वाक्यात केवळ एक चिमुकला अंक राहतो. टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेला शेरा छापलाच जात नाही. गणिताच्या सूत्रात हा फरक सर्वांत मोठा असतो: फाईलमधल्या तीन ओळींचे पानावर बोटभर लांबीचे सूत्र होते. अशा परिच्छेदात दोन्हीकडच्या ओळी जुळवायच्या म्हणजे एडिटरमधल्या काही ओळी दुप्पट लांब आणि काही अगदी तोकड्या कराव्या लागतील, आणि मग फाईल वाचणेच अवघड होईल.

देवनागरीत लिहिताना यात आणखी भर पडते. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो सात चिन्हांचा आहे, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवला की २१ बाइट घेतो. ओळीची लांबी चिन्हांत मोजणारा एडिटर ७० ची मर्यादा पाळतो, तेव्हा जोडाक्षरे आणि मात्रा किती आहेत त्यानुसार देवनागरी ओळ कधी लांब तर कधी आखूड दिसते. सर्व अक्षरे सारख्या रुंदीची मानणाऱ्या एडिटरांना जोडाक्षरांची खरी रुंदी अनेकदा कळत नाही, आणि कर्सर अक्षराच्या भलत्याच बाजूला उभा राहतो. म्हणून मराठी मजकुरासाठी अक्षरसंख्येवर ओळ तोडण्याचा पर्याय बंद ठेवावा, असे मी सुचवेन.

वर्ड प्रोसेसरमध्ये ही सगळी अडचण नाही, असे वाटू शकते, कारण तिथे पडद्यावर दिसते तीच पानावरची ओळ असते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण तिथेही ओळीचे ठिकाण टंकावर, प्रोग्रामच्या आवृत्तीवर आणि काही मांडण्यांमध्ये तर जोडलेल्या छपाई यंत्रावरही अवलंबून असते, आणि दुसऱ्या संगणकावर तो टंक नसला तर सगळ्या ओळी बदलतात. टेकची बाजू या बाबतीत भक्कम आहे. तिचा अंतराचा सर्वांत लहान एकक पॉइंट या छपाईतल्या मापाचा ६५,५३६ वा भाग आहे, आणि ओळ कुठे तोडायची हा निर्णय ती पूर्णांकांच्या गणिताने घेते. त्यामुळे तीच फाईल, तेच टंक आणि तेच पॅकेज (लाटेकला जोडायचे तयार पूरक भाग) असतील तर ओळी कुठल्याही यंत्रावर त्याच ठिकाणी तुटतात. एडिटरशी न जुळणारी ही ओळ स्वतःशी मात्र पूर्ण प्रामाणिक असते.

जागा सापडण्याची सोय

आता पहिल्या गरजेकडे येऊ, कारण खरे काम तिथेच होते. जेरोम लोरान्स यांनी तयार केलेली सिंकटेक ही सोय २००८ पासून टेक लाइव्ह या वितरणात समाविष्ट आहे. लाटेक चालवताना तिचा पर्याय सुरू केला, की पीडीएफबरोबर आणखी एक दाबून लहान केलेली फाईल तयार होते. तिच्यात पानावरच्या कोणत्या चौकटी आणि जागा मूळ फाईलच्या कोणत्या ओळीतून आल्या, याची नोंद असते. एडिटर आणि पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम यांना ही फाईल वाचता येत असेल, तर पानावरच्या शब्दावर क्लिक केले की कर्सर मूळ फाईलमध्ये त्या ठिकाणी जातो, आणि एडिटरमधून हाक दिली की पीडीएफ त्या जागेवर येऊन थांबते. लाटेकसाठीच्या बहुतेक एडिटरांत ही सोय आधीपासून जोडलेली असते. कोणती कळ दाबून क्लिक करायचे, एवढेच प्रत्येकात वेगळे असते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ही नोंद शेवटच्या वेळी लाटेक चालवले तेव्हाची असते. त्यानंतर फाईलच्या सुरुवातीला दहा ओळी वाढवल्या आणि लाटेक पुन्हा चालवले नाही, तर उडी दहा ओळी चुकीच्या ठिकाणी पडू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. सिंकटेकची नोंद मुख्यतः मूळ फाईलच्या ओळ क्रमांकाला बांधलेली असते. त्या ओळीत नेमका कितवा शब्द, हे तिला सहसा सांगता येत नाही. काही एडिटर आसपासचे शब्द ताडून पाहून अंदाज अधिक अचूक करतात, पण मूळ आधार ओळ क्रमांकच असतो. ज्याने संपूर्ण परिच्छेद एंटर न दाबता एकाच लांबलचक ओळीत लिहिला आहे, त्याला पानावरच्या कोणत्याही शब्दावर क्लिक केले तरी कर्सर त्या परिच्छेदाच्या आरंभी नेऊन सोडण्याचीच शक्यता अधिक. परिच्छेद वीस ओळींचा असेल तर शोधाशोध संपत नाही.

लाटेकचे इशारेही याच क्रमांकांत बोलतात. एखादी ओळ समासाबाहेर गेली, तर संदेशात ती किती पॉइंट बाहेर गेली हे येते आणि तो परिच्छेद मूळ फाईलच्या कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आहे, हे येते. पानावरची कितवी ओळ, हे त्यात नसते. चूक आढळली तर संदेशात मूळ ओळीचा क्रमांक येतो, आणि टेक जिथपर्यंत वाचत पोहोचली होती तिथे ती ओळ दोन तुकड्यांत मोडून दाखवली जाते. मूळ फाईलमधल्या ओळी लहान असतील तर हे संदेश लगेच समजतात.

म्हणून मूळ फाईलमध्ये ओळ कुठे तोडावी, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे, आणि वाक्य फार लांब असेल तर स्वल्पविरामाशी किंवा उपवाक्याच्या सांध्यावर आणखी एकदा तोडावे. हा सल्ला नवा नाही. ब्रायन कर्निहॅन यांनी १९७४ साली युनिक्सच्या नवशिक्या वापरकर्त्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत तो दिला होता, कारण तेव्हाची मांडणी प्रणालीही ओळी स्वतःच भरून घेत असे आणि लेखकाला मूळ फाईलमध्ये कुठेही एंटर दाबण्याची मोकळीक होती. त्या मोकळिकीचा उपयोग अर्थ दाखवण्यासाठी करावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

याचे फायदे अनेक आहेत. सिंकटेकची उडी आता वाक्यावर येऊन पडते. गिटसारखी आवृत्त्या जपणारी साधने फरक ओळीनुसार दाखवतात, त्यामुळे एक शब्द बदलला तर फक्त ते वाक्य बदललेले दिसते. याउलट ७० अक्षरांवर तोडलेल्या परिच्छेदात सुरुवातीला एक शब्द घातला आणि ओळी पुन्हा भरून घेतल्या, की पूर्ण परिच्छेद बदलल्याचे चित्र उभे राहते आणि सहलेखकाला खरा बदल हुडकून काढावा लागतो. वाक्ये मागेपुढे करणे म्हणजे ओळी मागेपुढे करणे, इतके सोपे होते. शिवाय लेखनावरही चांगला परिणाम होतो. लागोपाठ चार वाक्ये एकाच शब्दाने सुरू होत असतील, किंवा एखादे वाक्य इतरांच्या तिप्पट लांब झाले असेल, तर ते डोळ्यांना लगेच दिसते. सलग परिच्छेदात असे दोष लपून राहतात.

या पद्धतीत सांभाळायच्या जागा थोड्याच आहेत. एंटर म्हणजे मोकळी जागा, हे विसरून तळटीपेची आज्ञा नव्या ओळीवर लिहिली तर शब्द आणि तळटीपेचा अंक यांच्यात नको असलेली फट पडते. तिथे आधीची ओळ टक्क्याच्या चिन्हाने संपवावी, म्हणजे तो एंटर मोजला जात नाही. स्वतंत्र ओळीवरच्या सूत्रानंतर वाचायला सोपे जावे म्हणून रिकामी ओळ सोडली, तर सूत्रापुढचा मजकूर नवा परिच्छेद ठरतो आणि त्याची पहिली ओळ आत सरकते. तिथेही रिकाम्या ओळीऐवजी एकटे टक्क्याचे चिन्ह असलेली ओळ ठेवावी.

जिथे ओळी खरोखर जुळायला हव्यात

काही मजकुरांत ओळ हा अर्थाचाच भाग असतो, आणि तिथे जुळणीचा आग्रह योग्यच आहे. कवितेची ओळ कवीने जिथे तोडली तिथेच ती तुटली पाहिजे. लाटेकमध्ये कवितेसाठी वेगळे वातावरण, म्हणजे आरंभ आणि शेवट आज्ञेने दाखवलेला विभाग, आहे. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन उलट्या तिरक्या रेघा देतात, आणि ओळ पानापेक्षा लांब झाली तर उरलेला भाग आत सरकवून खाली येतो, त्यामुळे ती कवीची नवी ओळ नाही हे वाचकाला कळते. संगणकाच्या प्रोग्रामचा मजकूरही जसाच्या तसा छापावा लागतो. त्यासाठीच्या साध्या वातावरणात ओळी अगदी तशाच राहतात, पण लांब ओळ मुकाट्याने समासात घुसते, हे पाहून घ्यावे.

हस्तलिखिताची प्रत तयार करताना प्रश्न अधिक नाजूक होतो. मूळ पोथीत ओळ कुठे संपली हे अभ्यासकाला महत्त्वाचे असते, पण छापील आवृत्ती वाचणाऱ्याला सलग मजकूर हवा असतो. अशा कामासाठी टीईआय या ग्रंथ संगणकावर नोंदवण्याच्या संकेतांत पोथीची नवी ओळ जिथे सुरू होते तिथे एक छोटी खूण घालण्याची पद्धत आहे. एडिटरमधला एंटर, पोथीतली ओळ आणि छापील पानावरची ओळ या तिन्ही गोष्टी त्यामुळे वेगळ्या राहतात आणि हव्या त्या वेळी हवी ती दाखवता येते. ही विभागणी मला फार समंजस वाटते.

लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांशी बोलताना पानावरच्या ओळींचे क्रमांक लागतात. लाइननो हे पॅकेज वापरले की समासात प्रत्येक छापील ओळीचा क्रमांक येतो, आणि तपासणारा '१४३ व्या ओळीतले विधान' असा उल्लेख करू शकतो. हा क्रमांक मूळ फाईलचा नसल्यामुळे एडिटरमध्ये १४३ व्या ओळीवर जाऊन काही सापडणार नाही. पीडीएफमध्ये ती ओळ शोधून तिथून सिंकटेकने मागे यावे. तपासणीसाठी पाठवलेली पीडीएफ जपून ठेवावी, कारण पहिल्या पानावर एक वाक्य वाढवले तरी पुढचे सगळे क्रमांक बदलू शकतात.

आणि तरीही एखाद्याला छापील ओळी तंतोतंत हव्याच असतील, तर लुआटेक या टेकच्या विस्तारित रूपात परिच्छेदाच्या ओळी तोडून झाल्यावर लगेच आपला प्रोग्राम चालवण्याची सोय आहे. तिथून प्रत्येक ओळीत कोणते शब्द आले याची यादी बाहेर काढता येते. पीडीएफमधून मजकूर काढून घेण्याचा मार्ग त्याहून सोपा दिसतो, पण देवनागरीत तो बेभरवशाचा आहे, कारण पीडीएफमध्ये साठवलेल्या आकृत्यांवरून ऱ्हस्व वेलांटीचा क्रम आणि जोडाक्षरे नीट परत येतातच असे नाही. कोणताही मार्ग घेतला तरी हे काम फाईलच्या वेगळ्या प्रतीवर करावे. मूळ फाईलमध्ये छापील ओळींनुसार एंटर घातले, तर पुढच्याच दुरुस्तीनंतर ते निरर्थक होतात.

शेवटच्या टप्प्यावर, मजकूर पूर्णपणे नक्की झाल्यावर, काही ओळी हाताने सुधाराव्या लागतात. आकडा आणि त्याचे एकक वेगळ्या ओळींवर गेले असतील तर मध्ये न तुटणारी जागा घालावी. एखादा शब्द चुकीच्या ठिकाणी फुटला असेल तर त्याचे योग्य सांधे सांगावेत. समासाबाहेर गेलेल्या ओळीसाठी आधी वाक्याचीच रचना थोडी बदलून पाहावी, आणि सक्तीने ओळ तोडण्याची आज्ञा अगदी नाइलाज झाला तरच द्यावी. मायक्रोटाइपसारखे अक्षरांची रुंदी सूक्ष्म प्रमाणात बदलणारे पॅकेज वापरायचे असेल तर ते या कामाच्या आधी सुरू करावे, कारण त्याने बऱ्याच ओळी आपोआप सुधारतात आणि जवळजवळ सगळ्यांची ठिकाणे बदलतात. दुरुस्त्या पहिल्या पानापासून क्रमाने कराव्यात, आणि हाताने घातलेल्या प्रत्येक सक्तीशेजारी टक्क्याच्या चिन्हापुढे कारण लिहून ठेवावे, म्हणजे पुढे पानाचा आकार किंवा टंक बदलला तर त्या सगळ्या सक्ती शोधून काढून टाकता येतील.